मशीनला एएमसी असते, कोडला काय?

मी ज्या लॅबमध्ये तीन वर्षं काढली तिथे कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता, त्याच्या सीपीयूवर सेलोटेपने कागद चिकटवलेला, "कृपया अपडेट करू नये, नेट जोडू नये, बंद करू नये", आणि खाली कोणीतरी बॉलपेनने भर घातलेली, "बघू पण नये". विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच बंद केला होता, पण त्या कॉम्प्युटरला जोडलेला स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशाची तपासणी करणारं मशीन) ठणठणीत होता आणि त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे चालतच नव्हतं, कंपनीला विचारलं तर म्हणे नवीन सॉफ्टवेअर नवीन मशीनसोबतच मिळतं. संपला विषय. डेटा बाहेर काढायला पेनड्राइव्ह लावायची बंदी होती कारण एकदा व्हायरस येऊन सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते, म्हणून आम्ही सीडी राइट करायचो. २०१९ साली! दुकानात कोऱ्या सीडी मागितल्या की दुकानदार आधी माझ्याकडे बघायचा, मग दुकानाच्या माळ्याकडे.

आता गंमत बघा. स्पेक्ट्रोमीटरला एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, होती. वर्षातून दोनदा कंपनीचा इंजिनियर यायचा, आरसे पुसायचा, कॅलिब्रेशन करायचा, मशीनवर तारखेचं स्टिकर लावायचा, चहा पिऊन रजिस्टरवर सही करून जायचा. आणि त्या एवढ्या जपलेल्या मशीनमधून निघालेला डेटा जायचा कुठे तर आमच्या एका सीनियर दादाने लिहिलेल्या तीनशे-साडेतीनशे ओळींच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्राममध्ये, दादा तोपर्यंत पोस्टडॉकला जर्मनीला गेलेला. त्या स्क्रिप्टमध्ये एका ओळीत सगळ्या आकड्यांना ०.८३ ने गुणलेलं होतं. का? शेजारी फक्त एवढंच लिहिलेलं, "तात्पुरतं". आम्ही तीन बॅचेसनी ते तात्पुरतं भक्तिभावाने वापरलं. शेवटी मी न राहवून दादाला मेल टाकला, त्याने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं की अरे तो जुन्या दिव्याचा करेक्शन फॅक्टर आहे, दिवा बदलला की काढायचा होता. दिवा बदलून दोन वर्षं होऊन गेली होती! पेपर अजून गेला नव्हता म्हणून वाचलो, पण एका मुलीच्या थिसिसमधले दोन ग्राफ नव्याने काढावे लागले आणि एक तर सरळ उडवावा लागला, त्यात तिचे चार महिने गेले. तिची काय चूक होती? काही नाही. दादाची? खरं सांगायचं तर त्याचीही नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की बाबा हे तुझ्यानंतर पण कोणीतरी वापरणार आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॅबमधलं सॉफ्टवेअर हे लॅबमधलं उपकरण आहे, आणि उपकरणासारखीच त्याला देखभाल लागते, आणि ती देखभाल करणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो. हे वाचून कोणी म्हणेल ह्यात नवीन काय, पण मग माझ्या बघण्यातल्या एकाही लॅबमध्ये असा माणूस का नव्हता ते सांगा.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या स्क्रिप्स संस्थेत तेव्हा असलेले जेफ्री चँग हे प्रोटीनची रचना शोधणारं मोठं नाव. २००१ मध्ये त्यांचा एका प्रोटीनच्या रचनेवरचा पेपर 'सायन्स'मध्ये आला, लोकांनी त्यावर पुढचं काम उभं केलं, ज्यांचे प्रयोग त्या रचनेशी जुळत नव्हते ते बिचारे स्वतःलाच दोष देत बसले. २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका ग्रुपने त्याच जातकुळीतल्या दुसऱ्या प्रोटीनची रचना छापली आणि ती काही केल्या ह्यांच्याशी जुळेना. शोधाशोध केल्यावर सापडलं काय, तर दुसऱ्या लॅबकडून आलेला एक घरगुती प्रोग्राम डेटाचे दोन कॉलम उलटे वाचत होता. त्यामुळे सगळी रचना आरशात दिसल्यासारखी उलटी निघाली होती. पाच पेपर मागे घ्यावे लागले. फसवणूक नव्हती, आळस नव्हता, प्रयोग नीटच झाले होते, फक्त त्या प्रोग्रामचा मालक कोणी नव्हता.

दुसरा किस्सा मला जास्त घाबरवतो कारण त्यात तर कोडमध्ये डोळ्याला चूक दिसतच नाही. २०१४ मध्ये रसायनशास्त्रातल्या लोकांसाठी काही पायथन स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या, एनएमआरचे (रेणूची रचना ओळखायच्या एका तंत्राचे) आकडे मोजायला, आणि चांगल्या होत्या म्हणून पुष्कळ जणांनी वापरल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठात एक पीएचडीचा विद्यार्थी सायनोबॅक्टेरियामधल्या एका पदार्थावर काम करत होता, त्याला त्याच स्क्रिप्ट आणि त्याच फायली वापरून वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर वेगवेगळी उत्तरं यायला लागली. कारण काय, तर स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फायलींची यादी मागते आणि धरून चालते की ती ठरावीक क्रमानेच येणार, पण तसं कोणी कबूल केलेलंच नाहीये, विंडोज एका क्रमाने देतं, लिनक्स दुसऱ्या, मॅकमध्ये तर व्हर्जन बदललं की क्रम बदलतो. फायलींच्या जोड्या चुकीच्या लागायच्या आणि उत्तर मात्र अगदी शहाण्यासारखं यायचं. दीडशेच्या वर पेपरांवर प्रश्नचिन्ह लागलं. दुरुस्ती केवढी, तर यादी आधी सॉर्ट करायची. एक शब्द! पायथनमध्ये दोन वर्षं काम केलेल्या कोणत्याही पोराने तो कोड बघितला असता तर चहा संपायच्या आत बोट ठेवलं असतं, पण असं पोरगं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बसतं कुठे.

एक्सेलची गोष्ट तर सगळ्यांना माहितीच असेल, 'मार्च१' नावाचा जीन, म्हणजे जनुक, टाइप केला की एक्सेल त्याची १ मार्च तारीख करून टाकायचं. वर्षानुवर्षं हा घोळ चालला आणि शेवटी २०२० मध्ये जीनची नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जीन्सची नावंच बदलली. मायक्रोसॉफ्टने ते तारखेचं रूपांतर बंद करायची सोय दिली २०२३ मध्ये. माणसाच्या जीनचं बारसं दुसऱ्यांदा करावं लागलं पण सॉफ्टवेअर हललं नाही, ह्यावर मी काय बोलू.

बरं, हे सगळं रडगाणं वाटू नये म्हणून उलटं उदाहरण देतो, आणि तेही आपल्या नारायणगावजवळचं. खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आपण सहलीला जाऊन बघितलेल्या असतात, समोर उभं राहून फोटो काढलेले असतात. त्या डिशनी एप्रिल २०१० ते मार्च २०१२ ह्या काळात १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ नव्वद टक्के आकाश पिंजून काढलं. पण एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला डेटा म्हणजे वैताग असतो, वर आयनोस्फियर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) हलत असतो, पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं लाटेबरोबर हललेलं दिसतं तसे रेडिओ स्रोत जागचे हललेले दिसतात, आणि खालून विजेच्या तारांच्या ठिणग्या, टॉवर, काय काय. मूळ टीमने काही भाग प्रोसेस करून लोकांना दिला होता, पण सगळं आकाश एका दमात साफ व्हायला लागला तो ह्यूब इंटेमा ह्या डच खगोलशास्त्रज्ञाचा 'स्पॅम' नावाचा प्रोग्राम (नावावर जाऊ नका), तो आकाशाच्या दर दिशेला आयनोस्फियरने किती ढकललंय ते काढून दुरुस्त करतो. २०१६ मध्ये इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच जुन्या डेटातून ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी जाहीर केली. डिश त्याच, निरीक्षणं तीच, नवीन एकही नट आवळला नव्हता. जे काही नवीन होतं ते कोडमध्ये होतं.

आणि असं काम आपल्या लोकांना जमत नाही असं तर अजिबातच नाही. त्याच जीएमआरटीत सगळ्या डिशचे सिग्नल एकत्र करणारा भाग आधी खास बनवलेल्या हार्डवेअरचा होता, २०१० च्या सुमारास तो बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरच्या क्लस्टरवर सॉफ्टवेअरमध्ये आणला गेला. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेत हवामानाच्या मॉडेलवर वर्षानुवर्षं काम झालं म्हणून २०२५ च्या मे महिन्यात ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी सिस्टीम सुरू करता आली, आधी ती चौकट १२ किलोमीटरची होती. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तालुक्याचा अंदाज गावांच्या जवळ आला. दोन्हीकडे साम्य काय आहे तर ही मोठी, कायमच्या नोकऱ्यांची, स्वतःचे इंजिनियर असलेली ठिकाणं आहेत, तिथे कोड लिहिणारा माणूस दहा वर्षांनी पण त्याच कँटीनमध्ये भेटतो. प्रॉब्लेम आहे तो बाकीच्या शेकडो लहान लॅबचा, युनिव्हर्सिटीच्या डिपार्टमेंटचा, जिथे सर एक, पीएचडीची पोरं चार, आणि कोड मात्र लॅब सोडून गेलेल्या पोरांचा.

पैशाचं कारण सांगू नका. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये मंजूर झालं ते ४५०० कोटींचं. सप्टेंबर २०२४ मध्ये एकाच दिवशी तीन परम रुद्र सुपरकॉम्प्युटर, त्यातला एक जीएमआरटीसाठी, अधिक हवामानासाठी पुण्यात अर्का आणि नोएडात अरुणिका, ह्या सगळ्यांचं लोकार्पण झालं, हवामानाच्या दोन सिस्टीमचेच ८५० कोटी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, तीन वर्षांत ६००० कोटी, कशासाठी तर आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी जर्नल वाचता यावीत म्हणून. मी ह्यातल्या कशाच्याच विरोधात नाही, जर्नलसाठी लोकांकडे पीडीएफची भीक मागितलेला माणूस आहे मी. पण ६००० कोटी देऊन पेपर वाचायचे आणि त्या पेपरमागचा कोड चालवून बघायला लॅबमध्ये माणूस नाही, हे कसं वाटतं? गावात पाण्याची टाकी बांधली, नारळ फुटला, पाटी लागली आणि पंप चालवणाऱ्याचा पगार कोणाच्याच बजेटमध्ये नाही, ही गोष्ट आपल्याला नवीन नाही.

सुपरकॉम्प्युटर वापरलेल्यांना विचारा, क्यूमध्ये आपल्या पुढे कोणाचे जॉब असतात. अख्खा नोड, म्हणजे त्यातला एक कॉम्प्युटर, अडवायचा, त्यातले चाळीस कोअर (एकाच वेळी गणित करणारे भाग) मागायचे आणि प्रोग्राम असा लिहिलेला की चालतो एकाच कोअरवर, बाकीचे एकोणचाळीस एसी खात बसलेत. हे मी स्वतः केलंय. सहा महिने केलंय! मला कोणी सांगितलंच नाही, आणि ज्या सिस्टीम ॲडमिन सरांनी शेवटी फोन करून झापलं त्यांचं काम मशीन चालू ठेवणं हे होतं, माझा कोड बघणं नव्हे, तरी त्या माणसाने दोन तास बसून मला समजावलं आणि माझं आठवड्याचं काम एका रात्रीत व्हायला लागलं. दोन तास. त्या दोन तासांसाठी आपल्या सिस्टीममध्ये पोस्ट नाही, तो चांगुलपणा आहे.

ग्रँटचा फॉर्म उघडून बघा ना. इक्विपमेंट, कन्झ्युमेबल, मॅनपॉवर, ट्रॅव्हल, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड. मॅनपॉवर म्हणजे जेआरएफ, फेलोशिपवरचा पीएचडीचा विद्यार्थी, त्याला महिना ३७ हजार आणि वर एचआरए, आणि त्याने तीन-चार वर्षांत पेपर काढून पीएचडी करून निघून जायचं असतं. त्याने टेस्ट लिहिल्या, डॉक्युमेंटेशन केलं, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवायचं साधन) शिकला, तर ते आठ दिवस त्याच्या पेपरमधून वजा होतात, मग तो का करेल, मी पण नाही केलं. आणि ज्याला हे काम मनापासून आवडतं त्याला हिंजवडीत ह्याच कामाचे दुप्पट-तिप्पट मिळतात, शिवाय तिथे त्याला 'तू सायंटिस्ट आहेस की नुसता प्रोग्रामर' असं कोणी विचारत नाही. हा 'नुसता' शब्द आमच्याकडे फार चालतो. काच फुंकून नळ्या बनवणाऱ्या ग्लास ब्लोअरला जुन्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये मान असायचा, वर्कशॉपच्या फिटरकाकांना सर लोक पण अहो-जाहो करायचे, त्यांच्या पोस्ट मंजूर असायच्या. प्रोग्रामर मात्र सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमाराला काही लोकांनी ह्या जातीला 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनियर' असं नाव दिलं आणि तिथल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये हळूहळू त्याचे ग्रुप, पोस्ट, प्रमोशनचे रस्ते तयार झाले. नाव पडलं की एचआरला पोस्ट काढता येते, हे सरकारी नोकरीतल्या कोणालाही पटेल.

आता मुद्दा येतो एआयचा, येणारच. परवाच एक सर म्हणाले, अरे आता कशाला प्रोग्रामर, चॅटजीपीटीला सांगितलं की दोन मिनिटांत स्क्रिप्ट. बरोबर आहे, मी पण रोज वापरतो. पण सर, स्क्रिप्ट लिहायला माणूस कमी पडत होता असं झालंच कुठे होतं? दादाने पण ती स्क्रिप्ट एका दुपारीच लिहिली असेल. अडलं ते पुढे, दिवा बदलल्यावर कोणाला आठवलं नाही तिथे. आता तर दुपार पण लागत नाही, म्हणजे लॅबमध्ये मालक नसलेला कोड पूर्वी वर्षाला एक जमायचा तो आता आठवड्याला एक जमेल, आणि त्यातला ०.८३ कोणी टाकला हे विचारायला जर्मनीत दादा पण नसेल.

सायंटिस्टने स्वतःच नीट कोडिंग शिकावं असंही एक म्हणणं आहे आणि ते मला अर्धं मान्य आहे. शिकावंच. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत पण आहेत, फुकट आहेत, आमच्या गावच्या कॉलेजची पोरं त्यावर लिनक्स शिकली. पण सगळ्यांना सायकलचं पंक्चर काढता यावं म्हणून एसटीचा डेपो बंद करायचा का?

मग करायचं काय, तर मला वाटतं फार मोठं काही नको. मशीनच्या किमतीचे काही टक्के एएमसीला ठेवतात तसेच प्रोजेक्टच्या रकमेतले काही टक्के कोडच्या देखभालीला बांधून ठेवा, दुसऱ्या हेडला वळवता येणार नाहीत असे. प्रत्येक लॅबला स्वतंत्र माणूस परवडणार नाही, मान्य, पण एका युनिव्हर्सिटीत दहा-बारा डिपार्टमेंट मिळून चार जणांचा ग्रुप परवडतो, कायमच्या पोस्टवर, जसं सेंट्रल इन्स्ट्रुमेंटेशन फॅसिलिटीमध्ये एसईएम आणि एक्सआरडीसारखी मोठी मशीनं चालवायला ऑपरेटर असतात आणि आपण स्लॉट बुक करून सॅम्पल घेऊन जातो, तसा कोड घेऊन जायचा. आणि मशीन विकत घेताना टेंडरमध्येच लिहून घ्या की डेटा कोणालाही वाचता येईल अशा फॉरमॅटमध्ये निघाला पाहिजे आणि सॉफ्टवेअर दहा वर्षं नवीन सिस्टीमवर चाललं पाहिजे. हे टेंडर काढताना जमतं, मशीन एकदा आत आलं की कंपनी आपला फोन पण उचलत नाही. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, म्हणजे सेलोटेप आणि कागदाची पुढची बॅच आत्ता कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये चिकटवली जात असणार.

आणि एक, पीएचडीच्या व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत. बाहेरचे एक्झामिनर येतात, पन्नास स्लाइड होतात, चहा आणि बटाटेवडे होतात, त्यातली वीस मिनिटं काढा आणि कँडिडेटला सांगा की हा कोरा लॅपटॉप घे, तुझ्या थिसिसमधला आम्ही म्हणू तो एक ग्राफ आमच्यासमोर तुझ्या डेटावरून काढून दाखव. बस, एकच ग्राफ. हे मी आमच्या जुन्या सरांना सांगितलं तेव्हा ते हसले, म्हणाले अरे मग ह्या वर्षी कोणीच पास होणार नाही. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, माझा स्वतःचा पण नाही निघायचा रे.